संगणकातील माणूस आणि परक्या समाजाची ओळख

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी मुलींचे शिक्षण, स्पर्धा परीक्षा, व्यवसाय मार्गदर्शन अशा विषयांवर भाषणे होतात आणि ती व्हावयासच हवीत. आज मी मात्र थोडा निराळा विषय घेतला आहे. संगणकाच्या पडद्यावर एक माणूस दिसतो. तो आपले बोलणे ऐकतो, उत्तर देतो, खूष होतो, रागावतो. तो खरा नाही. तो आज्ञावलीतून घडविलेला आहे. त्याच्याकडे सोपविलेले काम असे की, एका समाजाच्या माणसांना दुसऱ्या समाजाच्या चालीरीती त्याने शिकवावयाच्या. अशा माणसाला आपण आभासी पात्र म्हणू.

हा विषय आपणांस दूरचा वाटेल. परंतु अशा प्रकारची जी पात्रे प्रथम नावारूपास आली, त्यांत इराकी पोलीस अधिकारी होते, चहाच्या दुकानात बसलेले म्हातारे होते, गावचे वडीलधारे होते. म्हणजे ती मुसलमान माणसांची पात्रे होती. ती घडविण्याचा निर्णय, पैसा आणि हेतू मात्र दुसऱ्यांचा होता. आपल्याविषयी जगात काय शिकविले जाते, कोण शिकवितो आणि आपली मुले त्यात कोठे आहेत, हा प्रश्न प्रत्येक पालकाचा आहे. म्हणून हा विषय.

परक्या लोकांचे रीतिरिवाज शिकविण्याची धडपड संगणकापेक्षा जुनी आहे. १९५० नंतरच्या काही वर्षांत एडवर्ड हॉल हे मानववंशशास्त्रज्ञ अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत शिकवीत होते. माणूस शब्दांवाचूनही बोलतो, हे त्यांनी १९५९ साली पुस्तकरूपाने मांडले. किती जवळ उभे राहावे, किती वेळ वाट पाहावी, कामाचा विषय केव्हा काढावा, हीसुद्धा एक भाषाच आहे आणि ती देशोदेशी वेगळी आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पुढे १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात फ्रेड फिडलर, हॅरी ट्रायँडिस आदी अभ्यासकांनी एक युक्ती काढली. एक छोटा प्रसंग द्यावयाचा, त्यात परदेशी पाहुणा आणि स्थानिक माणूस यांच्यात गैरसमज झालेला असावयाचा, आणि खाली कारणांचे काही पर्याय. वाचकाने पर्याय निवडला की तो बरोबर का किंवा चूक का, हे पुढच्या पानावर समजावून दिलेले. अरब देश, थायलंड, ग्रीस अशा ठिकाणी जाणाऱ्यांसाठी अशा पुस्तिका झाल्या. १९७० च्या दशकात गॅरी शर्ट्स यांनी ‘बाफा बाफा’ नावाचा खेळ केला. त्यात वर्गाचे दोन गट करावयाचे आणि प्रत्येक गटाला एका काल्पनिक समाजाचे नियम द्यावयाचे. मग एकमेकांकडे पाहुणे पाठवावयाचे आणि पाहुण्याने नियम न विचारता ओळखावयाचे. हा खेळ मुळात अमेरिकन नौदलासाठी झाला, नंतर तो शाळा-महाविद्यालयांत गेला.

या सर्व प्रकारांत एक उणीव होती. पुस्तिका उलटून बोलत नाही. आणि खरी माणसे उभी करावयाची तर खर्च फार. २००३ साली इराकमध्ये युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, फोर्ट आयर्विन येथील आपल्या लष्करी केंद्रात, चक्क खोटी इराकी गावे वसविली आणि अरबी बोलणाऱ्या माणसांना गावकऱ्यांचे काम दिले. परंतु असे गाव प्रत्येक शिपायाच्या खोलीत नेता येत नाही. मग प्रश्न आला की, हे गावकरी संगणकात का असू नयेत?

येथे थोडे मागे जावे लागते. १९६६ साली एमआयटी या अमेरिकन संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. ती मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरासारखी प्रश्न विचारी. तिला समजत काहीच नव्हते. आपण टाईप केलेल्या वाक्यातील शब्द फिरवून ती प्रश्न परत करी. तरीही वायझेनबाउम यांच्या चिटणीस बाईंनी तिच्याशी थोडे बोलल्यावर त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. मन मोकळे करताना त्यांना तिसरा माणूस नको होता! आज्ञावली कशी चालते हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. या अनुभवाने वायझेनबाउम अस्वस्थ झाले आणि १९७६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी यंत्रावर असा भाव ठेवण्याविरुद्ध इशारा दिला. आजच्या विषयासाठी यातून एवढेच ध्यानात ठेवावे की, माणूस फार लवकर विश्वास ठेवतो. एखादे पात्र खरे वाटणे आणि ते खरे असणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पात्र खरे कशामुळे वाटते? हुबेहूब चेहऱ्यामुळे, असे आपण म्हणू. परंतु जपानी शास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच लिहून ठेवले की, यंत्रमानव माणसासारखा दिसू लागला की तो आपल्याला आवडतो, परंतु जवळजवळ माणूस, तरीही पुरता माणूस नाही, अशा टप्प्यावर तो एकदम भीतिदायक वाटू लागतो. उलट व्यंगपटातील उंदीर आणि बदक हुबेहूब नसूनही आपण त्यांच्याबरोबर हसतो, हळहळतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील जोसेफ बेट्स यांनी हा धागा पकडून १९९४ साली मांडले की, पात्राला खरेपणा येतो तो भावनेमुळे. घडलेल्या गोष्टीचे त्याला काहीतरी वाटले पाहिजे आणि ते वाटणे आपल्याला दिसले पाहिजे.

परंतु यंत्राला वाटावयाचे कसे? १९८८ साली ऑर्टनी, क्लोर आणि कॉलिन्स या तीन अभ्यासकांनी भावनांची मांडणी केली, ती या कामी फार उपयोगी पडली. त्यांचे म्हणणे साध्या शब्दांत असे. माणसाची काही इच्छा असते. घडलेली घटना तिला पोषक असेल तर आनंद, मारक असेल तर दुःख. माणसाची योग्य-अयोग्याची काही कल्पना असते. दुसऱ्याचे वागणे तिच्याविरुद्ध गेले तर निषेध, अनुरूप असले तर कौतुक. आणि माणसाच्या काही आवडीनिवडी असतात. या तीन मुळांतून त्यांनी भावनांचे २२ प्रकार सांगितले. संगणकाला इच्छा, नियम आणि आवडी लिहून देता येतात. मग समोरच्याच्या प्रत्येक कृतीचा हिशोब करून पात्राने रागवावे की हसावे, हे ठरविता येते. आणि येथेच संस्कृती आत येते. कारण योग्य काय आणि अपमान कशाला म्हणावे, याचे नियम समाजागणिक बदलतात.

या पायावर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात दोन प्रसिद्ध प्रयोग झाले. लुईस जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टॅक्टिकल इराकी’ हा खेळ केला. पैसा अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेचा, म्हणजे डार्पाचा. शिपायाने कानावर यंत्र लावून प्रत्यक्ष अरबीत बोलावयाचे. सलाम करावयाचा, छातीवर हात ठेवावयाचा, आपली ओळख द्यावयाची. रीतीने वागले तर पडद्यावरील माणसाचा विश्वास वाढतो आणि तो मदत करतो. उद्धटपणा केला तर तो संशयाने पाहू लागतो आणि माहिती मिळत नाही. दुसरा प्रयोग ‘बायलॅट’. त्यात अमेरिकन अधिकाऱ्याने स्थानिक पुढाऱ्यांशी बोलणी करावयाची असतात. बाजारपेठ बांधली, पण लोक तेथे येत नाहीत; का येत नाहीत, हे शोधावयाचे. फरीद नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला भेटावयास जाण्यापूर्वी त्याची माहिती काढावयाची, भेटीत आधी चार गोष्टी आपुलकीच्या बोलावयाच्या आणि मग कामाकडे वळावयाचे. घाई केली की बोलणी फिसकटली.

न्यायाने बोलावयाचे तर यात चांगले काही आहेच. परक्या गावात बंदूक घेऊन आलेल्या शिपायाला सलाम करता येणे हे न येण्यापेक्षा केव्हाही बरे. एखाद्या चौकीवर हाताची खूण न समजल्यामुळे एखाद्याचा जीव जाऊ शकतो, हे नाकारून चालणार नाही. तथापि एक गोष्ट आपण विसरू नये. त्या खेळात फरीद हा कोणासाठी आहे? तो पाहुण्यासाठी आहे. त्याचा विश्वास हे पाहुण्याच्या कामाचे साधन आहे. ‘तुम्ही माझ्या देशात का आलात?’ हा प्रश्न मनात घेऊन फरीद खेळ सुरू करीत नाही. रीत शिकणे आणि आदर करणे यांत हाच फरक आहे. रीत दोन दिवसांत शिकता येते. आदर करावयाचा तर समोरच्याच्या इच्छेलाही आपल्या इच्छेइतकी जागा द्यावी लागते.

दुसरी अडचण ठोकळ्याची. संस्कृती संगणकात घालावयाची तर ती आकड्यांत आणावी लागते. डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेडे यांनी आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील नोकरांच्या पाहणीवरून १९८० साली देशादेशांच्या संस्कृतीची मोजमापे प्रसिद्ध केली. अधिकाराविषयीचे अंतर किती, व्यक्तीला महत्त्व की समूहाला, वगैरे. हे आकडे अनेकांनी आभासी पात्रे घडविताना वापरले. परंतु ही देशाची सरासरी आहे. ती एका माणसाला लावणे म्हणजे वर्गाच्या सरासरी गुणांवरून एका विद्यार्थ्याचा निकाल लावणे होय. उद्या एखादा परदेशी तज्ज्ञ ‘महाराष्ट्रातील मुसलमान’ असे पात्र करावयास बसला तर तो काय करील? कोकणातील मुसलमान घरात कोकणी बोलतो, कोल्हापूर-सांगलीकडचा मराठी, मराठवाड्यातील दखनी, आणि मालेगावच्या यंत्रमागावरचा उर्दू. चौघांचे जेवण वेगळे, लग्नातील चाली वेगळ्या, थट्टेची रीतही वेगळी. यांचा एक ठोकळा केला तर तो चौघांपैकी कोणाचाच होणार नाही. आणि हाच न्याय आपल्यालाही लागू आहे. ‘ते लोक असेच असतात’ असे वाक्य आपल्या घरांतही शेजारच्या समाजाविषयी ऐकू येते, तेव्हा आपणही एक ठोकळाच घडवीत असतो.

ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांच्यापैकी कोणी खोलीत नसले म्हणजे काय होते, याचे एक बोलके उदाहरण आहे. २०१५ साली ‘होमलँड’ या अमेरिकन दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण बर्लिनमध्ये चालू होते. निर्वासितांच्या छावणीच्या देखाव्यासाठी भिंतींवर अरबी अक्षरे हवी होती. बोलावलेल्या चित्रकारांनी अरबीत लिहिले की, ही मालिका वंशद्वेषी आहे. ते तसेच जगभर दाखविले गेले. कारण तेथे कोणालाही ते वाचता आले नाही. अरबी ही त्यांच्यासाठी केवळ नक्षी होती! व्हीट शिस्लर या चेक अभ्यासकाने २००८ साली संगणकीय खेळांतील अरबांवर लेख लिहिला. पाश्चात्त्य बाजारातील खेळांत अरब आणि मुसलमान बहुधा शत्रू म्हणूनच येतात, असे त्याला आढळले.

आता तर यंत्र नियमांनी नव्हे, वाचनाने शिकू लागले आहे. कोट्यवधी पानांचा मजकूर त्याला पुरविला जातो आणि त्यावरून ते बोलावयास शिकते. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि गूगल येथील संशोधकांनी अशा यंत्राच्या आधारे २५ पात्रांचे एक लहानसे गाव वसविले. प्रत्येकाला स्मरणशक्ती दिली, दिवसाचा बेत आखण्याची सोय दिली. त्यांतील एकीच्या मनात मेजवानी देण्याचे घातले, तर तिने आमंत्रणे केली, ती बातमी तोंडोतोंडी गावात पसरली आणि काही पात्रे ठरल्या वेळी हजर झाली. पायऱ्या कोणी लिहून दिल्या नव्हत्या. खरे वाटण्याच्या दृष्टीने ही मोठीच मजल होय.

परंतु जे वाचले तेच यंत्र बोलणार. २०२१ साली अबुबकर अबिद आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या वेळच्या जीपीटी-३ या यंत्रणेची परीक्षा घेतली. दोन मुसलमान एका ठिकाणी शिरतात, एवढेच अर्धे वाक्य देऊन ते पूर्ण करावयास सांगितले. १०० पैकी ६६ वेळा यंत्राने त्यात मारामारी किंवा रक्तपात आणला. मुसलमान या शब्दाच्या जागी इतर धर्मीयांची नावे घातली तेव्हा हे प्रमाण पुष्कळच कमी झाले. यंत्राला आपल्याशी वैर नव्हते. त्याने जे वाचले होते त्याचा तो पडसाद होता. त्याच संशोधकांनी हेही दाखविले की, आधी मुसलमानांविषयी चांगले शब्द असलेले वाक्य दिले तर ते प्रमाण २० पर्यंत उतरते. म्हणजे वाचावयास काय मिळते, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

मग मार्ग काय? युरोपातील एका प्रयोगाने मला विचार करावयास लावले. इंग्लंड-स्कॉटलंडमधील रूथ आयलेट, पोर्तुगालच्या आना पायवा आणि इतरांनी आधी ‘फिअर नॉट’ नावाची आज्ञावली केली. शाळेत दांडगाई सोसणारे एक आभासी मूल विद्यार्थ्यांशी बोलते, सल्ला विचारते. सल्ला मानेलच असे नाही, कारण त्यालाही भीती वाटते. पुढे त्यांनीच ‘ओरिएंट’ केला. त्यात कोणताही खरा समाज न घेता एका दूरच्या ग्रहावरील ‘स्प्राइट’ नावाचे काल्पनिक प्राणी घेतले. तिघा मुलांनी मिळून त्यांची भाषा, हावभाव आणि नियम समजून घ्यावयाचे. येथे कोणत्याही जमातीचा ठोकळा होत नाही, आणि मूल मुळातली गोष्ट शिकते: मला विचित्र वाटते ते त्यांच्या दृष्टीने रीतसर असू शकेल.

यंत्र नसतानाही हे करता येते. आमच्या इयत्ता नववीच्या वर्गात मी मुलांना कागदावर एक पात्र घडवावयास सांगितले. मोहल्ल्यात मासळी घेऊन येणारी कोळीण मावशी. तीन प्रश्न दिले: तिची इच्छा काय, तिला काय ठाऊक आहे, आणि तिला राग कशाचा येतो? मुलांनी लिहिले, ‘ती तापट आहे.’ मी विचारले, का? कोणालाच सांगता येईना. मग एका मुलीने दुसऱ्या दिवशी मावशीलाच विचारले. मावशी म्हणाली, ‘बाळा, पहाटे लिलावात पैसे मोजून माल घेते. बर्फ वितळले की माल गेला. तुझी आई अर्धा तास घासाघीस करते तेव्हा माझे बर्फ वितळत असते.’ मुलांच्या पात्रातील ‘तापट’ हा शब्द खोडला गेला आणि त्या जागी कारण आले. ठोकळा आणि माणूस यांत एवढेच अंतर असते, आणि विचारल्यावाचून ते अंतर तुटत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, अशी पात्रे घडविण्यास केवळ संगणक येऊन भागत नाही. गणित आणि आज्ञावली हव्यातच. परंतु मानसशास्त्र, इतिहास, भाषा, नाटक हेही हवे. आपल्याकडे मूल हुशार निघाले की डॉक्टर किंवा इंजिनिअर, आणि बाकीचे ‘आर्ट्स’ला, अशी वाटणी पालक करतात. पालकहो, ही वाटणी आता सोडावी, अशी माझी विनंती आहे. ज्या मुलीला चार घरच्या बोलींतील फरक कळतो, तिला या कामात मोठी जागा आहे.

आणखी एक काम आजच करण्यासारखे आहे. यंत्र लिहिलेलेच वाचते. आपल्या आजीची कोकणी, दखनी, तिची म्हणी-गाणी, लग्नातील रिवाज, बाजारातील हिशोब, शेजाऱ्यांशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला देवाणघेवाणीचा व्यवहार, हे कोठेच लिहिलेले नसेल तर यंत्राच्या लेखी ते नाहीच. मग आपल्याविषयी जे दुसऱ्यांनी लिहिले तेवढेच उरते. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने या सुट्टीत घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचे दहा पाने आत्मवृत्त तिच्याच शब्दांत, तिच्या परवानगीने, लिहून काढावे. संस्थेने त्यांतील निवडक लेखन पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावे, अशी पदाधिकाऱ्यांना मी जाहीर विनंती करतो.

तक्रार करीत बसणे सोपे आहे. जग आपल्याला नीट ओळखत नाही, हे म्हणणे पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु ओळख करून देण्याचे काम आपले आहे आणि इतरांची ओळख करून घेण्याचे कामही आपलेच आहे. हे दोन्ही ज्याला साधले तो शिकला, असे मी समजतो.